दाढेच्या जागेतून गेलेली फुंक

मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. वडीलही वाजवायचे. बीडमध्ये आमचं घर आणि बँडवाल्यांची गल्ली यांत फारसं अंतर नाही, त्यामुळे दुसरं काही करावं असं मला कधी वाटलंच नाही.

माझा दोस्त नेकनूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. शाळेसाठी तो बीडला मामाकडे राहायला आला आणि माझ्या बाकावर बसला. ईदला तो आमच्याकडे शीरखुर्मा खायचा, दिवाळीत मी त्याच्या गावी जायचो. पुढे तो शिकून दातांचा डॉक्टर झाला. त्यानं दवाखाना उघडला तेव्हा आम्ही सगळे गणवेश घालून त्याच्या दारात वाजवायला गेलो. त्या दिवशी मी जसं वाजवलं तसं आजवर कुणाच्या लग्नातही वाजवलं नव्हतं.

म्हणून वरची डावी दाढ ठणकायला लागली तेव्हा दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता. त्यानं भूल दिली आणि ओढायला सुरुवात केली. दाढ हलेना. मग तिचे तुकडे करून एकेक मूळ काढायला लागला. शेवटचं निघालं आणि तो एकदम थांबला. आरशानं आत बघितलं, पुन्हा बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"झालं का बे?" मी कसंबसं विचारलं.

"झालं. मुळं लई पसरलेली होती तुझी." त्यानं कापसाचा बोळा दाबून बसवला.

निघताना मी म्हणालो, "परवा शिरूरला लग्न हाय. वाजवू ना?"

तो हात धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाजव की. दुखलं तर गोळी घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या नाकपुडीतून बाहेर आलं. मी घाबरून त्याला फोन केला. "सूज असती, होतं असं," तो म्हणाला. माझी भीती गेली. त्याचा शब्द माझ्यासाठी तेवढा मोठा होता.

शिरूर कासारला उन्हाळ्यात लग्नांची एकच घाई असते. ऊसतोडीला गेलेली घरं परत आलेली असतात, आणि पुन्हा कोयता घेऊन निघायच्या आत पोरापोरींची कार्यं उरकायची असतात. वरात मारुतीच्या देवळापाशी आली. मी वरचा सूर धरला आणि फुंक तोंडातून निसटली. गालात हवा थांबेचना. ती दाढेच्या जागेतून वर शिरली, नाकातून बाहेर पडली, आणि मागोमाग रक्तमिश्रित पाणी माझ्या पांढऱ्या गणवेशावर ओघळलं. क्लॅरनेट पिपाणीसारखं केकाटलं. नवरदेवाचे दोस्त नाचता नाचता थांबले. "ओ मास्तर, पिऊन आलात काय?" त्यांच्यातला एक ओरडला. ट्रम्पेटवाल्यानं माझी चाल पुढे उचलली, म्हणून वरात पुढे सरकली. मी मागे जनरेटरच्या गाडीशेजारी चालत राहिलो.

त्यानंतर चेहऱ्याची डावी बाजू जड झाली. खाली वाकलं की डोळ्याखाली कुणी दगड भरल्यासारखं वाटायचं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी यायचं. बायको जेवताना तोंड थोडं वळवायची. हॉटेलात चहा नाकातून आला तेव्हा टेबलावरची माणसं हसली, मीही हसलो.

दोस्ताकडे मी पुन्हा पुन्हा गेलो. तो नाकावर टिचकी मारायचा, गोळ्या बदलायचा. "धुळीची ॲलर्जी हाय तुला. वरातीत धूळ खातोस सारखी." दुसऱ्या डॉक्टरला दाखव, असं मोठा भाऊ म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर चिडलो. माझ्या दोस्तावर संशय घेतो म्हणून.

शेवटी भावानंच मला हाताला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी माझं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "आता हळूच नाकातून हवा सोडल्यासारखं करा." दाढेच्या जागेतून हवा फुसफुसली. मलाही ऐकू आली.

"वरच्या दाढेची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला टेकलेली असतात," त्यांनी सांगितलं. "दाढ काढताना तिथं भोक पडू शकतं. त्यात डॉक्टरची चूक असतेच असं नाही. लगेच टाका घातला, काही दिवस नाक शिंकरलं नाही, जोरात फुंकलं नाही, की बहुतेक वेळा भरून येतं. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं का?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी बाईंना विचारलं, "दाढ काढणाऱ्याला त्याच वेळी कळतं का?"

"बहुतेकदा कळतं. रक्तात बुडबुडे येतात."

मी तिथून सरळ त्याच्या दवाखान्यात गेलो. पेशंट बाहेर पडेपर्यंत थांबलो आणि दार लावून घेतलं.

"तुला कळलं होतं का?"

त्यानं आधी ॲलर्जीचंच सुरू केलं. मग खुर्चीत बसला. "कळलं होतं. वाटलं, आपोआप भरंल."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"नवा दवाखाना हाय. तू रोज गावोगाव फिरणारा माणूस. कुठं बोलला असतास तर?"

"मी वाजवू का म्हणून विचारलं होतं तुला."

"नको म्हणलं असतं तर तू कारण विचारलं असतंस," तो म्हणाला.

मला भोकाचा राग नव्हता. हात कुणाचाही चुकतो, माझा सूरही चुकतो. पण तो हात धुताना त्याच्या मनात काय चाललं असेल, ते मला तेव्हा दिसलं. माझी फुंक एका बाजूला आणि त्याचं नाव दुसऱ्या बाजूला ठेवून त्यानं त्या नळाखाली निवड केली होती. वर इतके दिवस मला गोळ्या देत राहिला.

"शाळेपासूनचे हाओत आपण," तो म्हणाला. मी दार उघडून बाहेर आलो.

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. पोकळीतला पू साफ करून, गालाच्या आतली कातडी ओढून भोक बुजवलं. पुढचा सगळा हंगाम क्लॅरनेट पेटीत राहिलं. बँडबरोबर मी जायचो, पण हातात झांजा घेऊन. ज्या वरातींत मी पुढे चालायचो त्यांत आता सगळ्यात मागे. आधी पाण्याच्या पेल्यात नळीनं हळूच फुंकायला शिकलो, मग खालचे सूर जमले. आता बहुतेक सगळं वाजतं. अगदी वरचा सूर लांबवताना मात्र मी अजून बिचकतो, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं.

गेल्या वर्षी दोस्ताच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. बँड आमचाच ठरला. मालकानं मला विचारलं, "तू येणार ना?" मी नाही म्हणालो. त्या संध्याकाळी गच्चीवर बसून मी बराच वेळ सराव केला. बायकोनं चहा आणून दिला. मी तो सावकाश प्यायलो.