घोंगडी शोधणारी माणसं

सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात बसून मी लोक इंटरनेटवर काय शोधतात ते मोजते. जाहिरात द्यायच्या आधी दुकानदार आम्हाला विचारतात, आमच्या मालाला गिऱ्हाईक आहे का? माझ्या आईला हे काम अजून कळलेलं नाही. पोरगी कॉम्प्युटरवर असते, असं शेजारणींना सांगून ती विषय बदलते.

मामाला मात्र कळलं. तो माळशिरस तालुक्यात हातमागावर घोंगड्या विणतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "पोरी, घोंगडी किती लोक शोधत्यात ते बगून सांग की." मागणी असेल तर दुसरा माग जोडायचा आणि पुण्याला कंपनीत लागलेल्या मुलाला परत बोलवायचं, असं त्याच्या मनात होतं.

मी ब्रॉड मॅच लावला. यात आपल्या शब्दाच्या आसपासचं काहीही मोजलं जातं. आकडा दणदणीत निघाला. लगेच मामाला फोन लावला, "मामा, लई लोक हायत!" रोज गिऱ्हाइकांना 'आधी तपासून घ्या' म्हणून सुनावणारी मी, घरच्या माणसासाठी तपासायचं विसरले. कौतुक करून घ्यायची घाई, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने एवढंच विचारलं, "मॅच कुठला लावलास?" मी यादी उघडली. ब्लँकेट, गालिचे, बाळाची दुपटी, घोंगडीवरचे शाळेचे निबंध, सगळं त्यात. मग फ्रेज मॅच लावला, म्हणजे 'हातमागाची घोंगडी' हे शब्द शोधात असलेच पाहिजेत. आकडा बराच आटला, आणि उरलेल्यांतही कितीतरी जण ती धुवायची कशी हेच विचारत होते. एक्झॅक्ट मॅच लावला, म्हणजे तेवढंच आणि तेच शोधणारे. ते अगदीच मोजके निघाले.

हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. रविवारी एसटीने गेले. मामा विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत होता. मी मॅचसकट सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली. त्याचा हात काही थांबला नाही.

"बाजारात बी असंच अस्तंय. हात फिरवून जाणारी लई. भुईवर हातरून, वर बसून बगतो, त्योच घेतो."

मी अर्धा तास खर्चून जे समजावलं ते त्याने तीन वाक्यांत संपवलं. मला रागच आला. "एवढं ठावं हुतं तर मला कशाला इचारलं?"

"गिऱ्हाईक मोजायचं नव्हतं गं," तो म्हणाला. "पोराला घरी आणायला कारण पायजे व्हतं." आणि माझ्याकडे न बघता, "त्यो तुला फोन करंल. त्याला पैला आकडाच सांग."

परतीच्या वाटेवर मी स्वतःशीच भांडत होते. पहिला आकडा काही मी मनाने रचलेला नव्हता. तोही मशीननेच दिला होता. मामासाठी एवढं करायला काय हरकत आहे? पण त्या आकड्यावर विसंबून नोकरी सोडणारा मामेभाऊ होता, मी नव्हे.

मंगळवारी त्याचा फोन आला. "ताई, खरं सांग, घेणारी किती हायत?"

दोन्ही आकडे समोरच होते. मी लहान आकडा सांगितला.

"म्हंजी तेवढ्यांना बाबा एकटाच पुरून उरतोय की! मग सध्या नको," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला. डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याची काहीही चूक नव्हती.

संध्याकाळी मामाने फोनवर विचारलं, "काय म्हणला?"

"मी खरा आकडा सांगितला, मामा. सध्या नको म्हणाला."

"बरं," मामा म्हणाला. मामेभाऊ हसला होता, हे मी मामाला अजून सांगितलेलं नाही.