मोरी-सानची परतभेट

“आता हिला परत काय द्यायचं?” चर्चमध्ये मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं. मला जपानी येत नाही. मावशीने हसू दाबत कानात सांगितलं, म्हणून कळलं.

त्सुकुबाला येऊन मला एकच दिवस झाला होता. मावशी इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते. तो रविवार प्रकटीकरणाच्या सणाचा होता. पूर्वेकडचे ज्ञानी लोक भेटी घेऊन बाळ येशूला पाहायला आले, त्याची आठवण. आईने नगरहून दिलेला करंज्यांचा डबा मी चर्चच्या दारात दिसलेल्या पहिल्याच आजींच्या हातात दिला आणि बोलावं लागू नये म्हणून पटकन आत जाऊन बसले. मागच्या बाकावर पुटपुटल्या त्या याच, मोरी-सान (म्हणजे मोरीबाई).

“घोळ घातलास,” मावशी म्हणाली. “इथे भेटीला ओकाएशी (परतभेट) द्यावीच लागते. आता त्या स्वस्थ बसायच्या नाहीत.”

उपदेशात त्या ज्ञानी लोकांनी बाळाला दिलेल्या भेटी आल्या: सोनं, ऊद आणि गंधरस. पाळक म्हणाले, “बाळाच्या आईने, मरीयेने, त्यांना परत काय दिलं, हे मत्तयाने शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. बहुतेक तिने नुसतं घेतलं. तेही सोपं नसतं.” मावशीने मला मराठीत सांगितलं.

सोमवारी मोरी-सान मिकान (छोटी संत्री) घेऊन दारात हजर. मावशीने चहाचा मसाला दिला. मंगळवारी त्या सायकलवरून सेंबेई (तांदळाच्या कुरकुरीत चकत्या) घेऊन आल्या.

“मावशी, पुरे ना आता!”

“मला काय सांगतेस? सुरुवात कुणी केली?”

मी हसले खरी, पण मीही तशीच. मैत्रिणीने कॉफी पाजली की दुसऱ्या दिवशी मी पाजून मोकळी. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. मैत्रिणी फार टिकल्या नाहीत, त्याचं कारण कदाचित हेच.

आठवड्याने मी घरी परत निघाले, तेव्हा विमानतळाला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर बोचरा वारा होता. मोरी-सान धापा टाकत आल्या. स्वतःच्या हातांतले लाल लोकरी मोजे काढून त्यांनी माझ्या हातांत चढवले. आतून ते अजून उबदार होते आणि त्यांची बोटं आता उघडी पडली होती. मी घाईघाईने सॅक उघडली. पासपोर्ट, पाण्याची बाटली, वेफर्सचं फोडलेलं पाकीट.

“ते देतेस की काय?” मावशी म्हणाली.

बसचं दार उघडलं. मोरी-सान माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी सॅकची चेन लावली, दोन्ही लाल हात वर केले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतच म्हणाले,

“आजी, हे मी ठेवून घेते. परत काही देणार नाही!”