वरची बिजागरी

"दार काढायचंय. हत्यारं घे," मालक म्हणाला.

मी लगेच उठलो. आकुर्डीच्या त्या चाळीत मालकाची सगळी किरकोळ कामं मीच करायचो. कंपनीत फिटर ना! नळ गळाला, मोटार अडली, की मला हाक. फुकट. भाडेकरूनं नाही म्हणायचं नसतं, अशी रीत.

स्टूल उचलून विचारलं, "कुणाचं दार, अण्णा?"

"तुझंच की रं."

चाळ हसली. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात अडकलंय.

कारण आमच्या भिंतीवर होतं. आडनावावरून मालकाला आमची जात कळली नव्हती. आदल्या दिवशी आम्ही बुद्धाची तसबीर लावली. मालकाच्या आईनं ती पाहिली आणि आमच्याच माठातून भरून घेतलेला तांब्या उंबऱ्यात रिता केला.

"खोली माझी, दार माझं," मालक म्हणाला. "दार गेलं की तुमी आपसूक जाल."

आणि ऐका, मी काढायला लागलो! हात सरावाचे. वरच्या बिजागरीचे स्क्रू एकेक करून तळहातावर आले. दार कललं. फटीतून ऊन थेट आत, बाळंतीण बायकोच्या अंगावर. तिनं पोर पदराखाली घेतलं.

"आपलं दार आपणच काढायचं व्हय?"

एवढंच बोलली.

मी स्क्रू परत लावले. पिळून.

"उतर खाली!" मालक ओरडला.

"कोर्टाचा हुकूम आणा, अण्णा. मग उतरतो."

हे वाक्य युनियनच्या सभेत ऐकलेलं. तोवर वाटायचं, ते दुसऱ्या कुणासाठी असेल.

दुसऱ्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला गेलो आणि मालकानं माणसं लावून दार उखडून नेलं. बायको हलली नाही. उघड्या चौकटीत बसून राहिली. येणारेजाणारे आत डोकावत, काही मुद्दाम थांबत. युनियनच्या वकिलानं कोर्टातून मनाई आणली. दार परत द्या, असा हुकूम झाला.

मालकाचा निरोप आला, "येऊन बसवून घे."

मी उलट निरोप धाडला, "ज्यानं नेलं, त्यानं बसवावं."

बसवलं त्यानं. सुतार आणून. मी समोर विडी ओढत उभा. काय थाट माझा!

पण उलटा फिरणारा तो स्क्रू अजून कानात कुरकुरतो. जेवताना, गप्पा रंगात आल्या असतानाही. हात माझाच असतो. तो आवाज जात नाही. मी जाऊही देणार नाही.

कुठल्याही चाळीत हुकमाविना कुणाचं बिऱ्हाड काढतायत असं कळलं, की मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून निघतो. बिजागऱ्या आवळायला.