फाईल उघडण्याआधी

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. जे मोजता येतं तेवढंच खरं, ही माझी सवय. बायको अनघा तर माझ्याहून कडक — ती खगोलशास्त्रज्ञ. पाहुण्यांनी पत्रिकेचा विषय काढला की ती चहा ठेवायला उठते. त्यामुळे आमच्या सांगवीच्या घरात चमत्कारांना कधी थारा नव्हता. तरी हे लिहितोय, कारण घडलं ते माझ्यासमोर.

अनघा आणि तिची सहकारी मृणाल, दोघींनी मिळून एका अंतराळ दुर्बिणीवर वेळ मागितला होता. पाहायची होती एक फार लांबची लंबवर्तुळाकार दीर्घिका. म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह; पण आपल्या आकाशगंगेसारखे वळसे नसलेला, नुसता अंड्याच्या आकाराचा धूसर उजेड. अनघाचं म्हणणं, ही एकदम गुळगुळीत निघणार, हिच्यावर कधी दुसरी दीर्घिका आदळलेलीच नाही. मृणालला ते पटत नव्हतं. त्यावरून फोनवर दोघींचं कायम चालायचं. वेळ मंजूर झाला तेव्हा अनघानं जिलेबी आणली होती.

आणि नेमकी निरीक्षणाच्या सुमारास ती तापानं पडली. मेंदूज्वर... चिंचवडच्या हॉस्पिटलात आयसीयू... बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर येतील अशी आशा आहे. पण बोलतील का, ओळखतील का, आत्ताच सांगता येत नाही."

राजगुरुनगरहून माझी आई आली. मृणाल रोज यायची. एकदा म्हणाली, "दादा, डेटा आलाय. पण फाईल उघडली नाहीये मी. ताई उठल्यावर दोघी मिळून बघू."



मग एका दुपारी, भेटीच्या वेळेत, आई आणि मी आत असताना अनघानं डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. आवाज खरखरीत झाला होता.

"संदीप... माझं चुकलं."

"काय चुकलं गं?"

"गुळगुळीत नाहीये ती. एका बाजूला पापुद्रे आहेत, कांद्यासारखे. सगळ्यात बाहेरचा मधेच तुटलाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगितलं नाही कुणी. दिसलं."

एवढं बोलून ती झोपली. नर्स म्हणाली, "तापात पेशंट काहीही बोलतात हो." माझं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं मला नावानं हाक मारली होती!

बाहेर येऊन मृणालला सगळं सांगितलं. ती आधी हसली, रडली. मग एकदम डोळे पुसले. "पापुद्रे म्हणाली? परत सांगा, दादा."

ती तशीच कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून बसली. संध्याकाळी तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. उजेडाच्या एका बाजूला पुसट कमानी, एकामागे एक. सगळ्यात बाहेरची मधेच तुटलेली.

"फोटोतला मधला झगझगीत उजेड वजा केल्याशिवाय हे दिसतच नाही," ती म्हणाली. "आणि तो मी आत्ता वजा केलाय."

हे अनघाला कसं दिसलं, असं मी पुनःपुन्हा विचारत राहिलो, तशी आई वैतागली. "तिला दिसलं म्हणती ना? मंग दिसलं आसंल. पोरगी बोलाय लागली हाय, त्ये बघ की!"

अनघा आता बरी आहे. कामावर जाते. त्या दुपारचं तिला काहीच आठवत नाही. मी सांगितलं तेव्हा तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "अशा दीर्घिकांभोवती पापुद्रे असू शकतात, हे मला माहीत होतंच. मेंदूनं अंदाज बांधला असेल."

"आणि तो तुटलेला?"

तिनं मान हलवली. "ते नाही सांगता येत," म्हणाली. मला तर आजही काहीच सांगता येत नाही. हे वाचणाऱ्या कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा.

फक्त एकदा, भाजी निवडता निवडता, ती आपणहून बोलली, "एक आठवतं रे. मी कुठेतरी खूप लांब होते... आणि मला अजिबात भीती वाटत नव्हती."