तिसऱ्या गोळीचा आवाज

डेल्बर्ट ऑकरमनची गराजमधली जागा डीप फ्रीजरच्या मागे होती. फ्रीजरमध्ये एक अख्खं हरीण तुकड्यातुकड्यांनी झोपलेलं असे, आणि त्याच्या पाठीशी डेल्बर्ट काडतुसं भरत बसे. सगळी नोकरी कालव्याची दारं उघडण्या-लावण्यात गेली होती. घाईने दार उघडलं की खालच्या माणसाचं शेत वाहून जातं, एवढं शहाणपण घेऊन तो निवृत्त झाला होता.

त्याचं जुनं यंत्र एका वेळी एकच काम करी. दांडा ओढला की वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात येई. सगळ्या पुंगळ्या मापात आल्या की मग सगळ्यांच्या बुडाला ठिणगी देणाऱ्या नव्या टोप्या, मग सगळ्यांत बंदुकीची दारू, आणि शेवटी वर शिशाची गोळी. गोळ्या बसवण्याआधी तो ताटलीत ओळीने उभ्या असलेल्या पुंगळ्यांवरून विजेरी फिरवी आणि प्रत्येकीच्या तळाशी दारू आहे ना, हे पाही. वायोमिंगमधल्या त्या गावात त्याचं काडतूस कधी फुसकं निघालं नव्हतं. त्याला याचा अभिमान वाटे असं नाही. वेगळं काही होऊ शकतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, इतकंच.

नेम धरायची ती त्याची बायको. नोर्ला शाळेच्या स्वयंपाकघरात होती आणि महिन्यातून एका शनिवारी, पायघोळ काळा झगा घालून, पणजोबांच्या काळच्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरने आणि रायफलने निशाणाचे लोखंडी पत्रे वाजवत असे. क्लबात सगळेच त्या काळच्या कपड्यांत येत आणि प्रत्येकाचं एक घेतलेलं नाव असे. नोर्लाचं नाव ‘माळावरची विधवा’. डेल्बर्ट तिची बंदुकांची पिशवी उचलून मागून चाले. यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

दिवसभरात एकही पत्रा न चुकवणाऱ्याला क्लब कथलाचा एक छोटा बिल्ला देई. नोर्लाचा तो दरवर्षी एखाद्या पत्र्याने हुके. यंदा तिने ठरवलं की हुकणार नाही. रोज शाळेतून आल्यावर ती माळावर जाऊन सराव करू लागली, आणि डेल्बर्ट भरून पुरा करेपर्यंत काडतुसं संपू लागली.

“तुझी पद्धत म्हणजे कशी माहितीये?” क्लबातला, शेजारी राहणारा लायल आपलं यंत्र खोक्यात घालून आला तेव्हा म्हणाला. “आधी सगळ्या गावाने मोजे घालायचे. मग सगळ्या गावाने बूट. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत हिवाळा येतो. यात बघ, एकेक माणूस पूर्ण कपडे करून बाहेर येतो.”

“आणि एखादा चड्डी विसरला तर?”

“विसरत नाही. यंत्र आहे ते.”

लायलच्या त्या यंत्रात एक गोल तबकडी होती. दांडा एकदा ओढला की ती एक घर पुढे सरके. पहिल्या घरात पुंगळी मापात येई, पुढच्यात टोपी, मग दारू, मग गोळी, सगळं एकाच वेळी. दर ओढीला एक तयार काडतूस डब्यात पडे. पहिल्या दिवशी डब्याचा तळ झाकला तेव्हाही डेल्बर्टची कॉफी गरम होती. हे त्याला जरा खटकलं. पण नोर्ला खूश होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी एक पुंगळी तबकडीत तिरकी अडकली. डेल्बर्टने दांडा अर्ध्यावर सोडला. तेवढ्यात आतून नोर्लाची हाक आली.

“डेल्बर्ट, हे मागचे हुक लाव रे. झगा आटलाय.”

“झगा नाही आटत, नोर्ला.”

“मग तू तोंड आवर आणि हुक लाव.”

हुक लावून तो परत आला. पुंगळी सोडवली, तबकडी हाताने सरकवली आणि काम चालू केलं. चार-सहा काडतुसं पडल्यावर त्याला प्रश्न पडला की तबकडी एक घर सरकवली की दोन. दोन सरकली असेल तर एक पुंगळी दारूशिवाय पुढे गेली असणार. तसं काडतूस उडवलं की टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. मागून दुसरी आली की नळी फाटते, आणि नळीमागे माणसाचा हात असतो. वजन करून कळण्याची सोय नव्हती. दारू चिमूटभर, आणि पुंगळ्यांच्या वजनातच त्याहून जास्त फरक. नोर्लाजवळ सामन्यासाठी दुसरी काडतुसं नव्हती. डेल्बर्टने बराच विचार करून संशयास्पद वाटलेलं एक काडतूस उचललं आणि बाजूला ठेवलं.

ते अगदी चांगलं काडतूस होतं.

शनिवारी वारा पडला होता. सेजची झुडपं उन्हात करडी चमकत होती आणि कुंपणाच्या तारेवर एक पक्षी तेच तेच गात होता. शेवटच्या फेरीपर्यंत नोर्लाने एकही पत्रा चुकवला नव्हता. ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नव्हतं. सगळे बटाट्याच्या सॅलडबद्दल बोलत होते.

वेळ मोजायचं यंत्र घेऊन तिच्या खांद्यामागे डेल्बर्ट उभा होता. बिघाड दिसला तर थांबवणं त्याचं काम. थांबवलं आणि नळी मोकळी निघाली, तर फेरी पुन्हा मिळे. गोळी अडकलेली निघाली, तर त्या रिव्हॉल्व्हरचे उरलेले सगळे पत्रे चुकल्यात जमा.

पहिली. दुसरी. दोन्ही पत्रे वाजले. तिसरीचा आवाज बरणीचं झाकण निघावं तसा आला, आणि त्याच क्षणी कुठेतरी पत्राही वाजला. नोर्लाचा अंगठा घोड्यावर गेला.

“थांब,” डेल्बर्ट म्हणाला.

ती थांबली. मागे न बघता तिने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, रायफल उचलली आणि उरलेली फेरी पूर्ण केली. त्यातला एकही पत्रा चुकला नाही.

“मला वाजलेलं ऐकू आलं,” मग ती म्हणाली.

“ते पलीकडच्या मैदानातलं,” लायल म्हणाला. त्याने रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत पितळी सळई घातली. ती अर्ध्यावर थांबली. “आहे आत. काडतुसं कुणाची?”

“माझी,” डेल्बर्ट म्हणाला.

लायलने हॅट काढली. “नाव हिने विधवेचं घेतलं, आणि जायची पाळीही हिचीच.”

कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने हॅट परत घातली.

घरी जाताना डेल्बर्ट पिकअप चालवत होता. सॅलडचं रिकामं भांडं नोर्लाच्या मांडीवर होतं.

“फार लवकर थांबवलंस,” ती म्हणाली. “मी तर घोडा चढवतच होते.”

“सकाळपासून कान तिकडेच होता.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “सकाळपासून?”

डेल्बर्टने तबकडीचं सांगितलं, हुकांचं सांगितलं, उचललेल्या काडतुसाचंही सांगितलं. सांगायला फारसा वेळ लागला नाही.

“मला का नाही बोललास?”

“सांगितलं असतं तर बिल्ला हुकला असता तुझा.”

“आणि हात?”

कालव्याच्या पुलावर चाकं खडखडली.

“पुन्हा मला असं काही सांगायचं राहिलं,” नोर्ला म्हणाली, “तर मी खरंच विधवा होईन, आणि ती माझ्याच हाताने.”

“बरोबर आहे.”

“आणि मागे तूच उभा राहा. दुसऱ्या कुणाला एवढी भीती वाटणार नाही.”

रविवारपासून डेल्बर्टने डब्यात उरलेली काडतुसं फोडायला घेतली. फोडायचं कुठलंही झटपट यंत्र त्याच्याकडे नव्हतं. पोकळ हातोडीत एक काडतूस घालायचं, सिमेंटवर आपटायचं, गोळी सुटली की दारू वेगळी ओतायची, मग दुसरं. आठवडाभर फ्रीजरमागून ठक ठक येत राहिलं. प्रत्येक काडतुसात दारू होती. एकातही कमी नाही, जास्त नाही.

डबा संपला तेव्हा त्याने आत जाऊन हे नोर्लाला सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि बटाटे सोलत राहिली.