साडूंचं माळवद

स्वतःचं जन्मसाल धड सांगता येत नाही, पण घरातल्या प्रत्येक तुळईचं गाव आणि गोत्र तोंडपाठ, असा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा थोरला साडू आहे. उमापूरजवळच्या शेतात त्यांचं सात खणांचं माळवदी घर आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचं सपाट छत आणि उजेडासाठी त्याला ठेवलेलं गोल भोक, म्हणजे सवणं. कुठली तुळई गोदाकाठाहून बैलगाडीने कशी आली, हे ऐकल्याशिवाय पाहुण्याला पाणी मिळत नाही. दार इतकं बुटकं, की लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तो टेंगूळ घेऊनच आत शिरलो. साडूंनी आधी चौकट चाचपली, मग मला. "निजामाचा गिरदावर बी वसुलीला हितं वाकूनच आलता," म्हणाले. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरतात. त्या दिवसांत गेलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर टोपलं आलंच. माझ्या इस्त्रीच्या कपड्यांची त्यांनी कधी गय केली नाही.

मातीचं घर बघून त्यांच्या मुलाची दोन स्थळं परत गेली, तेव्हा मुलगा स्लॅबचं बोलू लागला. तिसरंही मोडलं तर घर पाडायचं, असं बापलेकांत ठरलं. शिवाय पाहुण्यांसमोर घराबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी बापाला ताकीद. पाहुणे आले त्या दिवशी साडू ओठ आवळून सुपारी कातरत बसले. मुलीच्या वडिलांनी छत किती जुनं म्हणून विचारलं, तर मुलाकडे बघत "हाय जुनं" एवढंच बोलले. मला खरंच त्यांची दया आली.

घरदार बघायला मुलगीही आली होती. ती मघापासून सवण्यातून पडलेल्या उन्हाकडे बघत होती.

"मामा, पावसात सवण्यावर काय झाकता? आमी परात पालथी घालायचो. आमचं माळवद औंदा पाडलं, लई वाईट वाटलं."

साडूंनी अडकित्ता खाली ठेवला. पाहुण्यांच्या चहावर साय धरली तरी ते बोलतच होते.

यंदा माती टाकायला मी आपणहून गेलो. साडूंचे गुडघे गेलेत, शिडी चढवत नाही. ते अंगणात उभे राहून माळवदावरच्या सुनेला उतार कुठे द्यायचा ते सांगत होते, आणि तिने तो आधीच दिलेला असे. दुपारी ती माहेरच्या पाहुण्यांना तुळया दाखवू लागली. दोन तुळयांची गावं तिने चक्क उलटी सांगितली. मी टोकणार, तोच साडूंनी माझा हात दाबला.

"असू द्या. घर आता तिचं हाय," ते हळूच म्हणाले.