दादामामांची ताटं आणि माझा ड्रिफ्ट

गाडी ड्रिफ्ट करायला शिकण्यासाठी स्टीलची दोन ताटं लागतात, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. ताटं साधीसुधी नव्हती. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादामामांनी, पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. प्रत्येकाच्या काठावर नाव घातलेलं, ‘चि. कुसुम हिस, दादाकडून.’ सासूबाई एक वेळ मला कायमची माहेरी पाठवतील, पण ती ताटं दुसऱ्या कुणाला घासायला देणार नाहीत.

पण सुरुवात ताटांपासून नाही, खांबांपासून झाली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आमच्या वाट्याची पार्किंगची जागा दोन खांबांच्या मधे आहे. इतकी वर्षं तिथे माझ्या नवऱ्याची, मंगेशची, पंक्चर सायकल उभी होती. मग आम्ही पहिली गाडी घ्यायचं ठरवलं, मी लायसन्स काढलं, आणि ते खांब बघून माझी झोप उडाली. तेवढ्यात फोनवर एका बाईचा व्हिडिओ दिसला. तिने भरधाव गाडी आणली, हँडब्रेक ओढला, आणि गाडी आडवी घसरत दोन गाड्यांच्या मधल्या फटीत अलगद जाऊन बसली! याला ड्रिफ्ट म्हणतात. म्हटलं, मागे-पुढे, मागे-पुढे करत पार्किंग कशाला शिका? थेट हेच शिकू.

“मंगेश, मला ड्रिफ्ट करता येईल अशी गाडी हवी.”

“वैशू, तुला अजून सरळ नेता येत नाही ना?”

“म्हणूनच तर आडवी!”

(यात काय चुकलं, ते मला आजही कळलेलं नाही.)

साकीनाक्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे आम्ही तिघंही गेलो. मंगेशला मायलेज हवं होतं. सासूबाईंना गुडघा न दुमडता बसता येईल अशी सीट हवी होती. आणि मला मागची चाकं गाडी ढकलतात अशी गाडी हवी होती, कारण ड्रिफ्ट तिच्यातच नीट होतो, असं तो व्हिडिओ म्हणत होता. तोवर माझी समजूत अशी की सगळी चाकं आपापसात समजून घेऊन चालतात!

“ह्या बजेटमध्ये?” विकणाऱ्याने डोकं खाजवलं. “मागून ढकलणारी म्हणजे मॅडम, शाळेच्या पोरांची जुनी व्हॅन आहे. नायतर टेम्पो.”

“टेम्पोतून मी लग्नाला जाऊ?” सासूबाई म्हणाल्या.

“जा ना आजी, बँडवालेपण मागे बसतील.”

व्हॅन बघितली. सासूबाईंनी दार सरकवलं आणि ते त्यांच्या हातातच आलं. त्या इतक्या घाबरल्या की शेजारच्या छोट्या चंदेरी गाडीत जाऊन टेकल्या. “ही बरी आहे गं वैशाली. मी काही आता उठत नाही.” आणि खरंच उठल्या नाहीत. अशा रीतीने आमची गाडी ठरली.

घरी आल्यावर कळलं, तिला पुढची चाकं ओढतात. म्हणजे माझ्या ड्रिफ्टची वाट लागली!

“चारही फिरतायत ना? मग झालं तर,” मंगेश म्हणाला.

मी पुन्हा व्हिडिओंना शरण गेले. एक माणूस सांगत होता, अशा गाडीच्या मागच्या चाकांखाली प्लास्टिकचे ट्रे ठेवा, हँडब्रेक ओढा आणि गाडी पळवा, की मागची बाजू मस्त घसरते. आता प्लास्टिकने अन्नाची चव जाते असं सासूबाईंचं ठाम मत, त्यामुळे आमच्या घरात प्लास्टिकचा ट्रे औषधालाही नाही. होती ती दादामामांची सहा ताटं. वरची चार रोजची. तळाची दोन बाहेर निघालेली मला आठवत नव्हती. म्हटलं, कुणाला कळतंय!

मंगेशच्या मित्राच्या बंद कारखान्याचं आवार मोकळं होतं. त्याला विचारून आम्ही तिथे गेलो. ताटं मांडली आणि गाडी ताटांवर बसवली.

“वैशू, आपण तिला जेवायला वाढतोय का?”

“गप रे. बाजूला हो.”

मी हँडब्रेक ओढला आणि दिला अ‍ॅक्सिलरेटर! गाडीने कण्हून एक उडी मारली आणि गप्पकन बंद पडली. घसरली ती ताटं. एक जागच्या जागी चपटं झालं, दुसरं ठणाणा करत आवारभर गरगरत फिरलं. ड्रिफ्ट सुंदर होता, फक्त तो गाडीने मारलेला नव्हता. दोन्ही ताटांचे काठ भुईसपाट झाले होते.

“बोंबला! आईला काय सांगणार?” मंगेश म्हणाला.

सासूबाई देवळात गेल्याचं पाहून मी खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकून काठ उभे केले. म्हणजे एका बाजूने उभे केले. दुसरी बाजू ऐकेना. ताटं गुपचूप तळाशी ठेवली.

रविवारी दादामामा कितीतरी वर्षांनी जेवायला आले. पांढरीशुभ्र पँट, कडक इस्त्री.

“दादा, तुझ्यासाठी तळाची कोरी ताटं काढते,” सासूबाई म्हणाल्या. “तू आलास की वापरायची म्हणून जपून ठेवलीत.”

मी “आई, मी वाढते!” म्हणेपर्यंत भात पडला होता, त्यावर आमटी पडली होती. आमटीने भाताला वळसा घातला, कोशिंबिरीपाशी आडवी झाली, आणि जिथे काठ नव्हता तिथून अलगद, जराही न अडखळता, दादामामांच्या मांडीवर उतरली.

“बघ,” मंगेश माझ्या कानात पुटपुटला, “असा मारतात.”

दादामामांनी मांडी पुसली आणि ताट डोळ्यांशी धरलं. “कुसुम, माझं नाव कुठे गेलं गं? आणि ही टायरची नक्षी कसली?”

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मामा, मी... गाडी शिकत होते.”

“ताटात?”

मग दादामामाच फिसकन हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यांना पाणी देता देता सासूबाईही हसल्या. मी मात्र त्या दिवशी आमटी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ती दोन्ही ताटं वॉचमनकडून पार्किंगच्या दोन खांबांना तारेने बांधून घेतली. “दादाची भेट आहे, वाया कशी घालवू?” आता रोज संध्याकाळी खाली ठण्ण झालं, की त्या वर माझ्यासाठी चहाचं आधण ठेवतात. दोनदा ठण्ण झालं, तर चहात आलं घालतात.